ध्रुवप्रवासाचें मावंदें

ध्रुवप्रदेशांतील सफरींचीं वर्णनें वाचणारा वाचक बहुधा एका ठराविक ठिकाणीं पुस्तक मिटतो. निशाण रोंवलें गेलें, अक्षांश मोजला गेला, किंवा तें साधलें नाहीं म्हणून मंडळी माघारीं वळली, कीं त्याचें कुतूहल शमतें. त्यानंतर बर्फाच्या कडेला जहाज येतें, माणसें त्यावर चढतात, आणि दोनचार पानांत आपापल्या बंदराला लागतात. लेखकानें हा भाग घाईनें लिहिलेला असतो व वाचकानेंही तो घाईनें चाळलेला असतो. आमच्या मतें यांत दोघांचेंही नुकसान आहे. ध्रुवप्रवासाच्या पुस्तकाची खरी परीक्षा या शेवटच्या पानांवर होते. कारण मनुष्य काय पाहावयास गेला हें पहिल्या प्रकरणांत कळतें, परंतु तो काय घेऊन आला आणि कोणत्या मनानें आला, हें परतीच्या समुद्रावरच कळतें. प्रस्तुत लेखांत या एकाच कसोटीवर कांहीं प्रसिद्ध ग्रंथ लावून पाहण्याचा आमचा विचार आहे.

वर्धा जिल्ह्यांतील वाचकानें या विषयाची चिंता कां वाहावी, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होईल. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्याही पलीकडे जाणारा हा मुलूख. ध्रुवाशीं त्याचा संबंध तो काय? या प्रश्नाचें उत्तर आम्ही लेखाच्या उत्तरार्धांत देऊं. तें उत्तर दगडावर कोरलेलें आहे, एवढेंच तूर्त सांगून ठेवतों.

परतीचा प्रवास हा वर्णनास अयोग्य विषय आहे, असें आपल्या परंपरेनें तरी कधीं मानलेलें नाहीं. कालिदासानें रघुवंशाचा तेरावा सर्ग सबंध परतीलाच वाहिला आहे. रावणवध बाराव्या सर्गांत आटोपतो. तेराव्याच्या आरंभीं राम पुष्पक विमानांतून सीतेला समुद्र दाखवूं लागतो, आणि मग जेथें जेथें वियोगाचें दुःख भोगलें तीं तीं स्थळें एकामागून एक खालून सरकत जातात. युद्धाच्या धामधुमींत जें सांगतां येत नव्हतें तें येथें सांगतां येतें. कारण काम झालेलें आहे, हात मोकळे आहेत, आणि ऐकणारें माणूस शेजारीं बसलेलें आहे. पण कालिदास येथेंच थांबत नाहीं. लागलीच पुढच्या सर्गांत, ज्या घराकडे हें विमान एवढ्या आनंदानें चाललें होतें त्याच घरांत, सीतेचा त्याग घडतो. घरीं पोंचणें आणि घरानें स्वीकारणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या महाकवीनें दोन लगतच्या सर्गांत दाखवून ठेवलें आहे.

मराठींत पाहूं गेल्यास विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ सहज आठवतो. १८५७ सालीं वरसईहून द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या वणव्यांत सांपडला, झांशीचा वेढा त्यानें आंतून पाहिला, तो लुटला गेला, आणि कसाबसा जीव वांचवून परतला. चिंतामण विनायक वैद्य यांनीं हें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध केलें व इतिहासाचें एक साधन म्हणून त्याची ख्याति झाली. परंतु केवळ साधन न राहतां तें वाङ्मय झालें, याचें श्रेय आम्ही त्यांतील परतीला देतों. ज्या द्रव्यासाठीं निघाला तें द्रव्य वाटेंत गेलें. पण हा मनुष्य गंगेची कावड घेऊन घरीं आला व त्या पाण्यानें त्यानें आईबापांस स्नान घातलें. सगळ्या पुस्तकाचा तोल त्या कावडीवर आहे. ती नसती तर उरलें असतें तें एका दुर्दैवी माणसाच्या हालांचें टिपण.

काशीयात्रा करून आलेल्यानें मावंदें घालावें, अशी आपली रीत. गेलेल्यानें आपल्या यात्रेचा वांटा न गेलेल्यांस द्यावा, हा तिच्यांतील भाव. याच्या उलट, समुद्र ओलांडून आलेल्यास एके काळीं याच समाजानें प्रायश्चित्त सांगितलें. विलायतेहून परतलेल्या माणसाला पंक्तीस घ्यावें कीं नाहीं, यावर एकोणिसाव्या शतकांत कडाक्याचे वाद झाले. दुरून घरीं येणाऱ्यासाठीं आपल्याजवळ असे दोन विधि होते. समुद्रप्रवासाचें तें प्रायश्चित्त आज लोपलें, आणि तें लोपलें हें योग्यच झालें. परंतु टीकेच्या कामीं हे दोन शब्द आम्हांस फार उपयोगाचे वाटतात. परतलेला लेखक आपलें पुस्तक मावंदें म्हणून वाढतो कीं प्रायश्चित्त म्हणून घेतो, हें पाहिलें म्हणजे त्या पुस्तकाची जात ओळखतां येते.

यावर कोणी म्हणेल कीं, परतीच्या जहाजावर सांगण्यासारखें असें घडतें तरी काय? जातांना जे ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ अक्षांश लागले तेच उलट्या क्रमानें लागतात. मंडळी झोंपते, जेवते, दाढ्या उतरविते. हें म्हणणें वरवर खरें आहे. परंतु बर्फावर असतांना दैनंदिनी लिहिली जाते, आणि जहाजावर त्या दैनंदिनीचें पुस्तक होऊं लागतें. कोणती गोष्ट सांगावयाची, कोणती गाळावयाची, आणि पहिल्यानें कोणास सांगावयाची, हे निर्णय याच रिकाम्या आठवड्यांत होतात. बाहेर कांहीं घडत नाहीं म्हणूनच आंत पुष्कळ घडतें. तेव्हां जो लेखक हा काळ वगळतो तो आपल्या पुस्तकाचा जन्मच वाचकापासून लपवितो.

प्रथम नान्सेनचा ‘फार्दस्ट नॉर्थ’ हा १८९७ सालचा ग्रंथ घेऊं. उत्तर महासागराच्या बर्फांत ‘फ्राम’ जहाज मुद्दाम गोठवून घेऊन प्रवाहाबरोबर वाहत जावयाचें, ही नान्सेनची कल्पना. मार्च १८९५ मध्यें तो योहान्सेन या एकाच सोबत्याला घेऊन जहाज सोडून ध्रुवाकडे पायीं निघाला, ८६ अंश १४ कलांपर्यंत पोंचला, व परततांना फ्रान्झ जोसेफ बेटांवर दगड आणि कातडीं यांच्या खोपटांत दोघांनीं अख्खा हिवाळा काढला. पुढें जॅक्सन नांवाच्या इंग्रज संशोधकाची अकस्मात् गांठ पडून, त्याच्या जहाजानें ते १३ ऑगस्ट १८९६ रोजीं नॉर्वेच्या वार्डो बंदरांत उतरले. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं इकडे ‘फ्राम’ बर्फांतून सुटलें आणि आठवडाभरांत तेंही नॉर्वेच्या किनाऱ्याला लागलें. नान्सेनच्या ग्रंथाचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें तें अशासाठीं कीं, आपण सोडून गेलेल्या जहाजाची हकीकत त्यानें कप्तान स्वेरड्रुप याच्याच अहवालानें पुस्तकांत सामील केली. एकाच पंक्तीला दोघांचीं पानें मांडलीं आहेत. हें मावंदें उदार आहे.

असाच न्याय अमुंडसेनच्या ‘दक्षिण ध्रुव’ या १९१२ सालच्या ग्रंथाला लावला तर काय दिसतें? १४ डिसेंबर १९११ रोजीं तो दक्षिण ध्रुवावर पोंचला. ३० जानेवारी १९१२ रोजीं तेंच ‘फ्राम’ जहाज त्याला घेऊन निघालें आणि ७ मार्च रोजीं टास्मानियांतील होबार्टला पोंचलें. वर्तमानपत्रांशीं झालेल्या करारामुळें बातमी फुटूं द्यावयाची नव्हती. म्हणून आधीं तो एकटाच किनाऱ्यावर गेला, साधा खलाशी समजला जाऊन एका हॉटेलांत उतरला, आणि तारा रवाना होईपर्यंत त्याची मंडळी जहाजावरच राहिली. पांच आठवड्यांच्या या समुद्रवासाला त्याच्या ग्रंथांत फार थोडी जागा आहे. ग्रंथ तसा स्वच्छ, नेटका, आनंदी आहे. बावन्न कुत्रे घेऊन ध्रुवाकडे निघालेली तुकडी अकरा कुत्रे घेऊन परतली, हा कठोर हिशोबही त्यांत लपविलेला नाहीं. परंतु एक माणूस या पंक्तींतून उठविला गेला आहे. नान्सेनबरोबर खोपटांत हिवाळा काढणारा तोच योहान्सेन या सफरींतही होता. सप्टेंबर १९११ मध्यें थंडी ओसरण्यापूर्वींच केलेल्या उतावळ्या कूचावरून त्यानें नायकाला तोंडावर दोष दिला. त्याचा परिणाम म्हणून ध्रुवाच्या तुकडींतून तो वगळला गेला, आणि होबार्टहून त्याला निराळ्या वाटेनें घरीं धाडण्यांत आलें. जानेवारी १९१३ मध्यें त्यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली. या भांडणाचा ग्रंथांत उल्लेख नाहीं. परतीचीं पानें इतकीं थोडीं कां, याचें उत्तर आमच्या मतें येथें आहे. ‘फ्राम’वरील ते पांच आठवडे खरेपणानें सांगावयाचे, तर त्या गप्प बसलेल्या माणसाचें वर्णन करणें भाग होतें. अमुंडसेननें मावंदें घातलें आणि तें रुचकरही आहे. पण वाचकाला एकदां तें रिकामें पान दिसलें कीं घांस पहिल्यासारखा उतरत नाहीं.

कॅप्टन स्कॉटच्या सफरीची गोष्ट सर्वश्रुत आहे, म्हणून तिच्या परतीपुरतेंच बोलूं. स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजीं ध्रुवावर पोंचला आणि परततांना आपल्या चार सोबत्यांसह मरण पावला. त्या पांचांपैकीं तिघांचीं प्रेतें, दैनंदिन्या व सामानाची घसरगाडी १२ नोव्हेंबर १९१२ रोजीं शोधपथकाला सांपडलीं. यांपैकीं कशाचीही वार्ता ‘टेरा नोव्हा’ जहाजाला नव्हती. जानेवारी १९१३ मध्यें तें मंडळीला नेण्यासाठीं आलें तेव्हां त्यावर स्वागताची तयारी झालेली होती. मेज सजविलें होतें, प्रत्येकाचीं घरचीं पत्रें निवडून ठेवलीं होतीं. किनाऱ्यावरून वार्ता कळली आणि तीं पत्रें उचलून बाजूस ठेवावीं लागलीं. मांडलेलें मावंदें पाहुणा येण्यापूर्वींच आवरावें लागलें, याहून करुण प्रसंग कोणत्या कादंबरीकारानें कल्पिला असता?

पुढचा समुद्रप्रवास तितकाच विलक्षण आहे. १० फेब्रुवारी १९१३ च्या पहांटे जहाज न्यूझीलंडच्या ओमारू या लहान बंदराबाहेर थांबलें. एका होडींतून दोघांना उतरवून तार करण्यास धाडलें, आणि जहाज पुन्हां समुद्रांत गेलें. सर्व जगाला हळहळ लावणारी बातमी तारेनें पृथ्वीभर पसरत असतां, ती ज्यांनीं आणली ते दोन दिवस किनाऱ्याबाहेर घुटमळत होते. १२ तारखेला जहाज निशाण अर्ध्यावर उतरवून लिटल्टन बंदरांत शिरलें. आणि ज्या बाईचा या बातमीवर सर्वांत अधिक हक्क, ती कॅथलीन स्कॉट, पतीला भेटण्यासाठीं त्या वेळीं स्वतःच पॅसिफिक महासागरावर एका आगबोटींत होती. तिला कांहीं दिवसांनीं, भर समुद्रांत, बिनतारी संदेशानें ती कळली. १९१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्कॉटच्या दोन खंडांच्या ग्रंथांत त्याची दैनंदिनी जेथें संपते तेथें पुस्तकाचें काळीज थांबतें. उरलेलें इतरांनीं लिहिलें आहे. नायकावांचून परत आलेल्या जहाजाची कथा कोणाची म्हणावयाची, हा प्रश्न त्या ग्रंथानें सोडविलेला नाहीं, आणि सोडवितां येण्यासारखा तो नव्हताही.

शॅकल्टनच्या ‘साउथ’ या १९१९ सालच्या ग्रंथांत निराळीच अडचण आहे. त्याचें ‘एंड्युरन्स’ जहाज १९१५ सालीं बर्फांत चिरडून बुडालें, आणि एलिफंट बेटावर अडकलेलीं माणसें ३० ऑगस्ट १९१६ रोजीं चिली देशाच्या एका लहानशा आगबोटीनें सोडविलीं. एकही माणूस त्यानें गमावला नाहीं, ही या तुकडीची कीर्ति. परंतु ज्या घराकडे हीं माणसें परतलीं तें घर महायुद्धांत जळत होतें. शॅकल्टनबरोबर उघड्या नांवेंतून आठशें मैलांचा तो अचाट प्रवास करणारा मॅकार्थी मार्च १९१७ मध्यें युद्धांत मारला गेला. बर्फानें ज्याला सोडलें त्याला माणसांनीं गांठलें. शॅकल्टन हें सांगतो. पण त्याच्या कथेचा ओघ सुटकेच्या आनंदाकडे असल्यामुळें घराचें हें बदललेलें रूप ग्रंथाच्या कडेलाच राहतें. रघुवंशाचा तेरावा सर्ग त्यानें उत्तम लिहिला आणि चौदाव्याची केवळ सूचना देऊन तो थांबला, असें आम्ही म्हणूं.

हा चौदावा सर्ग ज्यानें लिहिला तो ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड. स्कॉटच्या सफरींतील हा एक तरुण सभासद. त्याचा ‘जगांतील सर्वांत बिकट प्रवास’ हा ग्रंथ १९२२ सालीं, म्हणजे घरीं पोंचल्यावर नऊ वर्षांनीं, प्रसिद्ध झाला. नांवांतला तो बिकट प्रवास ध्रुवाचा नाहीं. १९११ च्या भर हिवाळ्यांत, अखंड अंधारांत, एम्परर पेंग्विनचीं अंडीं आणण्यासाठीं तिघांनीं केलेली ती वाटचाल आहे. परंतु ग्रंथावर छाया आहे ती दुसऱ्याच प्रसंगाची. मार्च १९१२ च्या आरंभीं चेरी-गॅरार्ड कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ‘वन टन’ नांवाच्या साठ्याच्या ठाण्यावर स्कॉटची वाट पाहत थांबला होता. कुत्र्यांना जपण्याची आज्ञा, वाईट हवा, स्वतःची अधू दृष्टि, अशा कारणांनीं तो पुढें न जातां १० मार्चला मागें फिरला. पुढें स्कॉटचा शेवटचा तंबू सांपडला तो त्या ठाण्यापासून अवघ्या अकरा मैलांवर. त्याला कोणीं शिक्षा केली नाहीं. न्यायबुद्धीनें पाहतां दोषही देतां येत नाहीं. तरी त्यानें तें ओझें जन्मभर वाहिलें. त्याचा ग्रंथ हें आमच्या अर्थानें शुद्ध प्रायश्चित्त आहे. त्यांत रडगाणें नाहीं, स्वतःची बाजू सावरण्याची धडपडही नाहीं. जें झालें तें पुनःपुन्हां मोजून पाहणें आहे. मरणाच्या तोंडांतून आणलेलीं तीन अंडीं लंडनच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयांत नेऊन देतांना आपणांस भेटलेली थंड बेपर्वाई त्यानें जशी रंगविली आहे, तशी बर्फाची थंडीही त्यानें रंगविलेली नाहीं. ध्रुववाङ्मयांत आम्ही या ग्रंथाला पहिलें स्थान देतों. त्याचें कारण हें कीं, त्याचा लेखक घरीं पोंचावयास सर्वांत अधिक वेळ घेतो. जहाज १९१३ मध्यें बंदराला लागलें. चेरी-गॅरार्ड १९२२ पर्यंत समुद्रावरच होता.

आतां आरंभीं राहिलेला प्रश्न. स्कॉटच्या तंबूपाशीं जी घसरगाडी सांपडली तिच्यावर सुमारें पस्तीस पौंड वजनाचे दगड होते. फेब्रुवारी १९१२ मध्यें, ध्रुवाहून परततांना, बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याजवळील बकली पर्वताच्या पायथ्याशीं त्यांनीं ते निवडून घेतले होते. पुढें पायांनीं चालवेना तरी टाकले नाहींत. त्या दगडांत कोळशाच्या थराजवळचीं अश्मीभूत पानें होतीं. माणसें आलीं नाहींत. दगड मात्र ‘टेरा नोव्हा’मधून घरीं आले. १९१४ सालीं वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यानें त्यांचें परीक्षण प्रसिद्ध केलें आणि तीं पानें ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीचीं ठरविलीं. जातीचें नांव त्यानें दिलें तें ‘इंडिका’, म्हणजे हिंदुस्थानची.

जिभेच्या आकाराचें हें पान विदर्भाला परकें नाहीं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं नागपूर-कामठीच्या परिसरांतून तें गोळा केलें होतें, आणि त्यांच्या संग्रहांतील वनस्पतींचें वर्णन १८६१ सालींच इंग्लंडांत छापलें गेलें होतें. वर्धा नदी आमच्या जिल्ह्याची पश्चिमेची सीमा आंखीत खालीं उतरते. जिल्ह्याची जमीन बहुतेक काळ्या पाषाणाची असली तरी नदी चंद्रपूरकडे वळली कीं तिच्या खोऱ्यांत कोळशाचे थर लागतात. ते थर ज्या अरण्याचे झाले त्या अरण्यांतील प्रमुख झाड ग्लॉसॉप्टेरिसच होतें. वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यास जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत झाला तो मुख्यतः या कोळशासाठीं. आणखी एक गोष्ट. कोळशाच्या थरांखालीं त्याहून जुने थर आहेत, ते हिमनद्यांनीं आणून टाकलेल्या दगडगोट्यांचे. चंद्रपूरजवळ इरई येथें चुनखडीच्या खडकावर हिमनदीनें ओढलेले चरे फेडन या भूशास्त्रज्ञाला १८७५ च्या सुमारास आढळले. ज्या मुलखांत आज पारा पंचेचाळिसावर जातो तेथें एके काळीं बर्फ चालत होता. हिंदुस्थान, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवखंड ही सर्व भूमि तेव्हां एकत्र होती, आणि तिला शास्त्रज्ञांनीं नांव दिलें तें आपल्या गोंडांच्या देशावरून: गोंडवन.

तेव्हां स्कॉटच्या मंडळीनें मरेपर्यंत जी कावड वाहिली तिच्यांत जें होतें त्याचें सगेसोयरे आपल्या नदीकांठीं आहेत. एडिनबरो, ऑस्लो किंवा लंडन येथील वाचकापेक्षां हा संबंध वर्ध्याच्या वाचकाला अधिक जवळचा वाटावयास हवा. विष्णुभटांची कावड आईबापांच्या मस्तकावर रिती झाली. ही कावड कोणाच्या दारीं पोंचवावयाची होती हें वाहणाऱ्यांना ठाऊक नव्हतें. प्रवाशाला आपण काय आणलें हें पुष्कळदां कळत नाहीं. तें घरच्यांनीं ओळखावें लागतें. वाचकाचें काम येथें सुरू होतें.

हा विषय परदेशाचाच राहिला आहे असेंही नाहीं. डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखालीं भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजानें निघाली, ९ जानेवारी १९८२ रोजीं त्या खंडावर उतरली, आणि २१ फेब्रुवारी १९८२ रोजीं गोव्यास परत आली. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील तिसऱ्या मोहिमेनें १९८३-८४ मध्यें तेथें भारताचें पहिलें ठाणें उभारलें. त्याचें नांव ‘दक्षिण गंगोत्री’. याच मोहिमेंत प्रथमच दोन भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ त्या खंडावर गेल्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, आणि नागपुरांत जन्मलेल्या, पुणें विद्यापीठांत शिकलेल्या व गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत काम करणाऱ्या अदिती पंत. सेनगुप्ता यांनीं आपल्या अनुभवांवर बंगालींत पुस्तक लिहिलें. मोहिमेचें जहाज मार्च १९८४ मध्यें परत निघालें तेव्हां बारा माणसें हिवाळा काढण्यासाठीं बर्फावरच राहिलीं होतीं. भारतीयांनीं आपल्या ठाण्यावर काढलेला तो पहिला हिवाळा.

या परतीच्या प्रवासाचें वाङ्मय कोणी निर्माण करील तर त्याला सामग्री केवढी आहे, हें पाहावें. सत्तराव्या दक्षिण अक्षांशापासून पंधराव्या उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे जवळजवळ पृथ्वीचा पाव घेर, एकाच जहाजानें ओलांडावयाचा. उन्हाळ्यांत तेथें सूर्य मावळत नाहीं. उत्तरेकडे सरकूं लागलें कीं कित्येक आठवड्यांनीं पहिली काळोखी रात्र भेटते आणि तिच्यांत तारे दिसतात. वाटेंत एक पट्टा असा लागतो कीं, थोड्याच अंतरांत समुद्राचें पाणी कांहीं अंशांनीं उबदार होतें. ध्रुवाचें पाणी तेथें संपतें. पुढें विषुववृत्त, आणि मग मार्चमधला कोंकणचा उकाडा. आणि या सर्व काळांत, मागें राहिलेल्या बारा जणांची रात्र दिवसेंदिवस लांबत आहे, ही जाणीव. जहाजावर प्रत्येक जेवणाच्या वेळीं ती जाणीव पानाशीं बसली असेल. मोहिमांचे शास्त्रीय अहवाल छापले गेले आहेत; त्यांत तारखा, अक्षांश आणि नमुने आहेत, आणि अहवालानें तेवढेंच द्यावें. मनाचा हिशोब देणें हें वाङ्मयाचें काम आहे.

या कामाला आतां घाईही आहे. पुढें ‘दक्षिण गंगोत्री’ बर्फाखालीं गाडलें जाऊं लागलें व १९९० च्या सुमारास तें सोडून द्यावें लागलें; १९८९ सालीं उभारलेलें ‘मैत्री’ आणि २०१२ सालचें ‘भारती’ हीं त्याच्या नंतरचीं ठाणीं. दरम्यान प्रवासाची रीतही पालटली. पुष्कळ सभासद आतां केपटाउनहून विमानानें कांहीं तासांत बर्फावर उतरतात आणि तसेच परततात. यांत सोय आहे, सुरक्षितता आहे, आणि शास्त्राचें काम अधिक होतें. त्याविषयीं तक्रार करणें वेडेपणाचें होईल. परंतु बर्फ आणि घर यांच्यामध्यें जो समुद्र होता, जेथें माणूस गप्प बसून आपण काय केलें याचा विचार करी, तो आतां पुष्कळांच्या वांट्यास येत नाहीं. ज्यांच्या वांट्यास तो आला त्यांचीं वयें आज झालीं आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्या घरांत सांगितल्या जात असतील; त्या छापखान्यापर्यंत याव्या.

मराठींत अंटार्क्टिकेची माहिती देणारें लेखन होत आलें आहे व तें स्वागतार्ह आहे. आमचें मागणें त्याहून थोडें निराळें आहे. कोणी लिहावयास बसेल त्यानें पेंग्विन आणि हिमनग यांना हवी तेवढीं पानें द्यावीं. पण परतीच्या समुद्राचीं पानें कापूं नयेत. जहाजावर कोण कोणाशीं बोलत नव्हतें, मागें राहिलेल्यांची आठवण कशी काढली जाई, घरीं कोणती गोष्ट सांगावयाची नाहीं असें कोणीं ठरविलें, बंदरांत उतरल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला गेला आणि त्याला उत्तर काय दिलें, हें त्यानें लिहावें. योहान्सेनसारखा कोणी पंक्तीबाहेर राहिला असेल तर त्याचें पान मांडावें. चेरी-गॅरार्डसारखें कांहीं मनाला लागून राहिलें असेल तर तें मोजून दाखवावें. मावंदें आणि प्रायश्चित्त हीं दोन्ही एकाच पुस्तकांत घडूं शकतात. गोडसे भटजींच्या पुस्तकांत तीं कांहीं अंशीं घडलींही आहेत.

वर्धेचें पाणी वैनगंगेला मिळून प्राणहिता होतें, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरीला आपण दक्षिणगंगा म्हणतों. ज्या जिल्ह्याच्या सीमेवरून हें पाणी समुद्राकडे जातें, तेथील वाचक समुद्रावरून परत आलेल्या माणसाचें पुस्तक आपलेंपणानें वाचतील, अशी आमची खात्री आहे. असें पुस्तक मराठींत लौकर लिहिलें जावो, एवढी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतों.